भिंतीवरची पायरी

१

शेवटच्या साध्या दिवशी आमच्या दुकानात टोस्टचा वास होता.

तो नेहमीच असायचा. वडवणीच्या बसस्टँडमागे माझ्या वडिलांचं, अण्णांचं, गाड्यांच्या लाइटचं दुकान आणि त्याला लागून मामूंची बेकरी. मागे आमचं घर. हेडलाइट उघडायचा तर काचेला धरून ठेवणारा काळा डिंक आधी मऊ करावा लागतो. मोठ्या शहरांत त्यासाठी वेगळी यंत्रं असतात म्हणे. अण्णा दुपारचे टोस्ट निघायची वाट बघत. मग मामूंच्या ट्रेमध्ये हेडलाइट ठेवत, निवत्या भट्टीत, दहा मिनिटं. काच अलगद सुटली की आत प्रोजेक्टर, म्हणजे ते गोल भिंग, बसवायचं आणि पुन्हा बंद करायचं. त्यामुळे अण्णांच्या हातून गेलेल्या प्रत्येक हेडलाइटच्या डिंकात टोस्टचे एकदोन कण रुतलेले असत.

"ट्रे झाडून का घेत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाला वाटेत भूक लागली तर?" अण्णा म्हणाले.

त्या गुरुवारी पुढारी अमरसिंहरावांच्या पांढऱ्या जीपचं काम होतं. गाडीचे मूळ दिवे अण्णा कधीच फोडत नसत. ते टॉवेलात गुंडाळून, गिऱ्हाइकाचं नाव टाकून फळीवर ठेवत आणि बाजारातून नवे दिवे आणून त्यांत प्रोजेक्टर बसवत. "ज्याचं त्याला परत देता आलं पायजे," असं त्यांचं म्हणणं.

प्रोजेक्टर मागवायचं काम माझं. अण्णा मराठी पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, पण इंग्रजी अक्षर त्यांना लागत नसे. मी संभाजीनगरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पाच वर्षं मीच फोनवरून माल मागवत होते. प्रत्येक वेळी अण्णा सांगत, "उजव्या हाताचं स्टेअरिंग. म्हण एकदा."

हा त्यांच्या कामाचा नियम. नुसतं ऐकून चालत नसे, तोंडाने म्हणून दाखवावं लागे. अजिनाथने त्यांच्याकडे बारा वर्षं काम केलं, तोही वायर जोडताना रंगाचं नाव मोठ्याने म्हणे, आणि अण्णा "हां, जोड," म्हणत. मी मात्र कधी म्हणून दाखवलं नाही. "माहितीये मला, अण्णा," एवढंच.

त्या दिवशी त्यांनी नव्या मालाचं खोकं माझ्यापुढे धरलं. दोन जोड आले होते, एकेका खोक्यात एकेक. "वाच बरं, काय लिवलंय."

माझ्या हातात पुस्तक होतं. "नेहमीचंच आहे," मी म्हणाले.

काम पाचला संपलं. एरवी ते दिवेलागणीला गाडी समोरच्या गोदामाच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर लावत. त्या भिंतीवर त्यांनी निळ्या रंगाची आडवी रेघ मारून ठेवली होती. चांगल्या प्रोजेक्टरचा उजेड भिंतीवर सरळ रेघेत तुटतो, आणि एका बाजूला ती रेघ पायरीसारखी वर चढते. भिंत दाखवल्याशिवाय गाडी द्यायची नाही, हा दुसरा नियम.

पण आईने धपाटे केले होते, आणि दुसऱ्या दिवशी मी जाणार होते.

"भिंत उद्या," अण्णा हात धूत म्हणाले. "आज पोरगी हाय घरी."

२

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास अण्णा बीड रस्त्यावरच्या दुसऱ्या पुलाच्या खड्ड्यात मोटारसायकलसह पडले आणि जागीच गेले. मी तेव्हा संभाजीनगरच्या बसमध्ये होते.

पोलिसांचं म्हणणं साधं होतं. चौसष्ट वर्षांचा माणूस, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, अंधार पडलेला. कुठे धडकेची खूण नाही. जमादारांनी त्यांच्या वस्तू कापडी पिशवीतून दिल्या. फोन, रुमाल, चष्म्याचं घर. चष्मा पुलाखाली फुटला होता. घर रिकामंच असणार म्हणून मी उघडलं नाही. ते तसंच पर्समध्ये ठेवलं.

तीन गोष्टी मात्र माझ्या डोक्यातून जाईनात.

ऑपरेशनपासून अण्णा सूर्य मावळल्यावर गाडी रस्त्यावर काढत नव्हते. समोरून उजेड आला की आपल्याला पांढरं धुकं दिसतं, असं ते सांगत. मग त्या संध्याकाळी ते का निघाले?

गाडीच्या मागे त्यांनी टॉवेलात गुंडाळलेले दोन हेडलाइट बांधले होते. एक फुटला होता. टॉवेलवर नाव होतं, अमरसिंह.

आणि तिसरी गोष्ट मला चौथ्या दिवशी दुकान उघडल्यावर दिसली. प्रोजेक्टरच्या दोन्ही खोक्यांवरची चिठ्ठी ब्लेडने चौकोनी कापून काढलेली होती. घाईत फाडलेली नव्हती. कडा सरळ होत्या.

"अजिनाथनं," आई दारातून म्हणाली. "दुसरं कोण?"

अजिनाथ दोन महिन्यांपूर्वी भांडून वेगळा झाला होता. त्याने स्टँडच्या पलीकडे स्वतःचं दुकान टाकलं, पण आमच्या दुकानाची किल्ली त्याच्याकडेच राहिली.

"शुक्रवारी साडेसहाला तो इथंच व्हता. मी पाह्यलं," आई म्हणाली. "चिठ्ठ्या कापल्यात म्हंजी मालबी बदलला आसंल त्यानं, अण्णाचं नाव खराब करायला. मी सांगितलंय त्याला, दहाव्याला पाऊल ठिवू नको म्हणून."

"त्याने काय उत्तर दिलं?"

"काय देणार? मान खाली घालून गेला."

आईने त्याला बारा वर्षं दुपारी जेवायला वाढलं होतं. दहाव्याला सहा दिवस होते. आई ज्याला घरातून तोडत होती, त्याने खरंच काही केलं होतं का, हे त्याआधी मला शोधायचं होतं.

३

अण्णा सापडले ते भिवराबाईंना. वडवणीहून जाताना पुलाच्या डाव्या अंगाला लागणाऱ्या रानात त्यांच्या मेंढ्या बसवलेल्या होत्या. मी गेले तेव्हा त्या जाळी गुंडाळत होत्या, कारण दुसऱ्या दिवशी मुक्काम हलायचा होता.

"तू त्येंची लेक व्हय?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नाकावरून कळतंय. बस."

मी दगडावर बसले.

"धडक न्हाई झाली, पोरी. कुणी काय बी सांगू दे. मोटारसायकल इकडून चालली व्हती, वडवणीकडून. बीडकडून जीप आली. मग मोटारसायकलीचा आवाज नुसता बंद पडला. जीप थांबली न्हाई."

"जीप कुठली होती?"

"मला काय ठावं? उजेडामागं काय दिसतंय? पण एक सांगते. धा दिस झाले आमी इथं हावोत. बीडकडून हजार गाड्या गेल्या, त्येंचा उजेड रस्त्याच्या पल्याडल्या अंगाला पडतो, त्या बाभळींवर. आमच्याकडं येत न्हाई. म्हणून तर इथं बसवली मेंढरं." त्या थांबल्या. "त्या जीपचा उजेड बांध चढून आमच्यावर आला. समद्या मेंढरांचे डोळे एकदम पेटले. दीडशे मेंढरं हायत, तीनशे डोळे. मी उभी ऱ्हायले तर मलाच काय दिसंना."

मी वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. खरं म्हणजे लागायला हवा होता.

"तुजा बाप जिता असता तर मी पाणी पाजलं असतं," भिवराबाई म्हणाल्या. "पण न्हाई ऱ्हायला."

अजिनाथ त्याच्या दुकानात एका टेम्पोखाली झोपून काम करत होता. मला पाहून बाहेर आला, पण हात पुसत राहिला.

"शुक्रवारी तू आमच्या दुकानात होतास," मी म्हणाले.

"व्हतो."

"भांडायला?"

"भांडण मिटून म्हैना झाला, ताई. काकूला म्हाईत न्हाई. अण्णानं फोन करून बोलावलतं."

"कशाला?"

त्याने बोटं पुन्हा पुसायला घेतली.

"खोक्यावरची चिठ्ठी तू कापलीस?"

"न्हाई."

"माल बदललास?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. त्या नजरेत राग असेल असं मला वाटलं होतं. तिथे कीव होती. ती कोणासाठी होती, तेव्हा मला कळलं नाही.

"मला काय इचारू नका," तो म्हणाला. "अण्णाला शबुद दिलाय. त्येंच्या माघारी मोडायचा न्हाई."

"मग आई म्हणते तेच खरं धरू?"

"धरा," तो म्हणाला आणि पुन्हा टेम्पोखाली गेला.

४

अमरसिंहरावांची जीप त्यांच्या शेतातल्या घरासमोर उभी होती. ड्रायव्हर हरिओम ती धूत होता. मला बघून त्याने पाइप खाली टाकला. पाणी चिखलात वाहत राहिलं.

"शुक्रवारी गाडी तू नेलीस?"

"नेली. नारायणगडावर जायचं व्हतं साहेबांला. तीनला आलो तर अण्णा दुकानात न्हवते."

"मला बसवायला स्टँडवर आले होते."

"व्हय, मामू म्हणले. चावी मामूकडंच व्हती. त्ये म्हणलेबी, भिंत दाखवली न्हाई, थांब. मी म्हणलं उद्या दाखवू." तो ओठ चावत होता. "ताई, गडावर आवाज लई व्हता. अण्णाचे तीन मिसकॉल पडले. मी घरी आल्यावर बघितले."

"येताना पुलावर काय झालं?"

"समोरून एक मोटारसायकल आली. मग दिसली न्हाई. मला वाटलं, रानात वळली आसंल." त्याचा आवाज खाली गेला. "म्या धडकलो न्हाई. आईची आण."

"माहिती आहे मला," मी म्हणाले.

मी जीपसमोर उकिडवी बसले. काचेच्या कडेने काळ्या डिंकाची रेघ होती. लहानपणापासून मी अण्णांच्या शेजारी बसून हे पाहिलं आहे. एकदा बंद केलेला दिवा कोणी पुन्हा उघडला, तर डिंकाला तारा सुटतात आणि नव्या-जुन्या डिंकाचा जोड दिसतो. अजिनाथ तर भट्टी वापरतच नाही, गरम हवेच्या बंदुकीने उघडतो.

ही रेघ अखंड होती. एका ओढीची. आणि डाव्या दिव्याच्या खालच्या कोपऱ्यात, डिंकात अर्धा बुडालेला, टोस्टचा एक कण होता.

म्हणजे गुरुवारी दुपारी मामूंच्या भट्टीतून निघाल्यावर या दिव्यांना कोणाचा हात लागला नव्हता. कोणी काही बदललं नव्हतं. जे चुकलं ते गुरुवारीच चुकलं होतं, आमच्या दुकानात, माझ्यासमोर.

५

अमरसिंहरावांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः ओट्यावर बसले. गावाने ऐकावं असा मोठा आवाज असलेला माणूस, पण त्या दिवशी हळू बोलत होता.

"मी तुमच्याकडं यायलाच पायजे व्हतं. हिंमत झाली न्हाई," ते म्हणाले. "सुग्रीव अण्णांचा फोन आलता मला. पावणेसातला. म्हणले, अंधार पडल्यावर गाडी चालवू देऊ नका, माल चुकीचा आलाय. समोरच्याच्या डोळ्यात उजेड जाईल. मूळ दिवे घिऊन मीच निघतो, आजच बदलतो."

"मग?"

"मी म्हणलं बरं. गडावर माझ्याभवती पन्नास माणसं. हरिओमला सांगायचं ऱ्हाऊन गेलं. तो म्हाताऱ्या मंडळींना घिऊन निघूनबी गेलता." ते पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. "एवढंच. एक फोन करायचा व्हता मला."

मी उठले. मग एक गोष्ट विचारायची राहिली असं वाटून थांबले.

"चुकीचा माल कोणी मागवला, ते बोलले का?"

"इचारलं ना मी. जरा तावातच इचारलं. म्हणलं, कोण मागवतो तुमचा माल, सांगा मला, बघतो त्याला. तर म्हणले, मीच. मीच बघून मागवला, दुसऱ्या कुणाचा हात न्हाई त्यात."

बसने परत येताना मी खिडकीतून बाहेर पाहत होते, पण पाहत काहीच नव्हते.

अण्णांना इंग्रजी अक्षर लागत नव्हतं. फोनवरून साधी चप्पल त्यांनी कधी मागवली नव्हती. 'मीच बघून मागवला' हे त्यांना शक्यच नव्हतं. आयुष्यात गिऱ्हाइकाशी एक शब्द खोटा न बोललेला माणूस मरायच्या अर्धा तास आधी खोटं बोलला होता. आणि खोक्यावरची चिठ्ठी ब्लेडने कापणारा हातही त्याचाच होता. चिठ्ठीवर मागवणाऱ्याचं नाव असतं.

वडवणी येईपर्यंत मी पर्समधलं चष्म्याचं घर हातात धरून बसले होते. उघडलं नाही.

६

दहाव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी अजिनाथला निरोप पाठवला. बॅटरी घेऊन ये, बाकी काही बोलू नकोस. आईला म्हणाले, दुकानात चल.

त्याला बघताच आई वळली. मी तिचा हात धरला. "पाच मिनिटं, आई. मग तू म्हणशील तसं."

दुसरा जोड खोक्यात तसाच होता. मी त्यातलं एक भिंग काढून टेबलावर, अण्णांच्या लाकडी ठोकळ्यात बसवलं. अजिनाथने वायर हातात घेतली.

"लाल," तो सवयीने मोठ्याने म्हणाला, आणि थांबला. पुढचा शब्द येणार नव्हता. त्याने स्वतःच जोडली.

समोरच्या भिंतीवर उजेड पडला. निळ्या रेघेला लागून सरळ तुटलेली कड. आणि तिच्यावर पायरी चढलेली. उजव्या बाजूला.

"आई, ही पायरी डावीकडे पाहिजे," मी म्हणाले. "आपण डावीकडून चालतो. डाव्या कडेची माणसं, जनावरं दिसावीत म्हणून उजेड तिकडे वर चढतो. उजवीकडे तो खाली राहतो, कारण उजवीकडून समोरचा माणूस येत असतो. हे भिंग ज्या देशात उजवीकडून गाड्या चालतात तिथलं आहे. याचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात चढतो. भिवराबाईंच्या मेंढरांच्या डोळ्यांत चढला. अण्णांच्या डोळ्यांत चढला."

"म्हणजे यानं बदललं," आई म्हणाली.

"नाही. कोणीच बदललं नाही. आलंच असं."

मी चष्म्याचं घर उघडलं. आत दोन चिठ्ठ्या होत्या, लहान घड्या घालून ठेवलेल्या. चिठ्ठीवर माझं नाव, माझा नंबर. खाली बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलेलं, स्टेअरिंग डावीकडचं. गुरुवारी अण्णांनी जे वाचायला माझ्यापुढे धरलं होतं, ते हेच.

तीन आठवड्यांपूर्वी लायब्ररीत पुस्तकमोजणी चालली होती. अण्णांचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होते. "उजव्या हाताचं स्टेअरिंग. म्हण एकदा," ते म्हणाले. "कामात आहे, अण्णा," मी म्हणाले आणि ठेवला. मग मागवायचं पान उघडलं. तिथे डावीकडच्या स्टेअरिंगवर आधीच खूण केलेली होती. ती बदलली असती तर माल वीस दिवस उशिरा आला असता. मला वाटलं, एवढ्याने काय फरक पडतो. वाचून पुढे जायला मला पाव मिनिट लागलं.

"आई, माल मी मागवला," मी म्हणाले. "अण्णांनी मला बजावलं होतं. खोकंही दाखवलं होतं. मी पाहिलं नाही. अजिनाथने काही केलेलं नाही."

आई भिंतीकडेच बघत होती.

"तुला माहीत होतं," मी अजिनाथला म्हणाले.

"जीप तर गेलती, म्हणून अण्णानं त्या दिशी दुसरा जोड भिंतीवर लावला आन मला दाखवाया बोलावलं. म्हणले, बघ बे, मला एका डोळ्यानं उलटं दिसतंय का. मी म्हणलं, पायरीच उलटी हाय. मग ब्लेड घिऊन चिठ्ठ्या कापल्या त्येंनी." त्याने बॅटरी जरा सरकवली. "म्हणले, मोहिनीला कळू द्यायचं न्हाई. जलमभर तेच धरून बसंल. मी म्हणलं मी जातो दिवे घिऊन. तर म्हणले, माझ्या दुकानाची चूक हाय, मीच जाणार."

"आणि आई तुला नको ते बोलली, तरी तू..."

"बारा वर्सं बोलणीच खाल्ली की इथं," तो म्हणाला. "धपाट्यासंगं."

आईने पदर डोळ्यांना लावला नाही. ती अजिनाथजवळ गेली आणि त्याच्या दंडाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "उद्या लवकर ये. पिंडाला तूच बस. अण्णाला पोरगा न्हाई."

दारातून जाताना तिचा हात माझ्या डोक्यावर क्षणभर टेकला, आणि निघाला. तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारणार नाही.

अजिनाथ सकाळीच अमरसिंहरावांच्या जीपचे दिवे उतरवून आला होता. एक मूळ दिवा शाबूत होता, दुसरा बीडहून यायचा होता. त्याने वायर काढायला हात पुढे केला.

"राहू दे थोडा वेळ," मी म्हणाले.

शेजारी मामूंनी दुपारची भट्टी अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा लावली होती. टोस्टचा वास अजून होता. मी भिंतीसमोर, पंचवीस फुटांवर, अण्णा उभे राहत तिथे उभी राहिले. पाच वर्षं त्यांनी दर वेळी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती म्हणायला मला एक श्वास पुरला असता.

"उजव्या हाताचं स्टेअरिंग, अण्णा," मी मोठ्याने म्हणाले.